लाल दिवा आणि काटा

आमच्या दारात एक जुनी फियाट उभी असते. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी आहे. १९७४ साली कंपनीने चितोडच्या राणीचे हे नाव गाडीला दिले, पण डोंबिवलीत काय नि मुरबाडकडे काय, आमच्या माणसांनी ते कधी तोंडी बसू दिले नाही. गाडी मूळची इटलीच्या घराण्यातली, म्हणून ती फियाटच राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत जो कधी बसला असेल त्याला ती वेगळी सांगायला नको. त्या टॅक्सींपैकी शेवटची २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आमची मात्र घरची गाडी, ती अजून चालते.

मी पेशाने शेतीखात्याचा माणूस. दापोलीला बी.एस्सी. ॲग्रिकल्चर केले आणि पुढचे सगळे आयुष्य ठाणे जिल्ह्यात भाताची रोपवाटिका, तुडतुडे आणि विहिरीवरचे पंप यांत गेले. मोटारीवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण या गाडीच्या डॅशबोर्डावर आमच्या घरात जे घडले ते ट्रॅक्टर आणि पंप बाळगणाऱ्या वाचकांना ऐकावेसे वाटेल, म्हणून लिहितो.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मुरबाड तालुक्यातल्या एका लहान गावचे. खाणारी तोंडे जास्त आणि भातखाचरे थोडी, म्हणून ते मुंबईकडे आले आणि कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात लागले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेली ही कंपनी. पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळही तिचा कारखाना झाला. आज तिथे कारखाना नाही, पण सभा-मेळावे भरतात त्या मैदानाला लोक अजून प्रीमियरचे मैदानच म्हणतात. अण्णा मात्र अखेरपर्यंत कुर्ल्यालाच होते. पहाटेची लोकल पकडून जायचे आणि दिवसभर गाड्यांच्या डॅशबोर्डामागची वायरिंग भरायची, हे त्यांचे काम. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता येत असे. १९९४ साली त्यांनी १९८३ सालची एक वापरलेली फियाट घेतली. ती दारात उभी करून त्यांनी पहिल्याने काय केले असेल, तर खाली आडवे पडून डॅशबोर्डामागे बॅटरी मारली आणि म्हणाले, “हात आपल्याच खात्याचा दिसतो.”

या गाडीत वेगाला काटा आहे, पेट्रोलला काटा आहे. पण इंजिनातले ऑईल आणि बॅटरीचे चार्जिंग या दोन जिवाच्या गोष्टींना नुसते लाल दिवे. किल्ली फिरवली की दोन्ही पेटतात, इंजिन सुरू झाले की विझतात. चालत्या गाडीत पेटला तर काहीतरी बिघडले असे समजायचे. ही रीत अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात हडसन नावाच्या गाड्यांनी रूढ केली. दिवा स्वस्त पडतो, आणि काटा वाचायला शिकावे लागते तसे दिव्याचे नाही. तिकडचे जुने ड्रायव्हर त्याला ‘मूर्खांचा दिवा’ म्हणू लागले. मला हे नाव कठोर वाटते. आमच्या घरातला मूर्खपणा दिव्याने केला नव्हता.

२०११ चा मे महिना. गावी चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. आदल्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, “अरे, उद्या लांब जायचंय, ऑईलची पट्टी काढून बघ.” मी आहेराच्या पिशव्या बांधत होतो. पाच मिनिटांनी त्यांनी विचारले, “बघितलंस का?” मी म्हणालो, “बघितलं.”

बघितले नव्हते.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही कल्याण सोडले. अण्णा चालवत होते, शेजारी आई, मागे मी, बायको आणि मुलगी. शहाड गेले, म्हारळ गेले, कांबा गेले. सूर्य समोर होता, डोळे दिपत होते. गोवेलीच्या पुढे इंजिनातून टकटक असा आवाज यायला लागला. मला वाटले रस्त्याची खडी उडते आहे. अण्णांनी मान तिरपी करून ऐकले, आणि ते गाडी बाजूला घेणार तोच टकटकीची खडखड झाली, गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन जागच्या जागी आवळले गेले. तेव्हा कुठे सर्वांचे डोळे डॅशबोर्डाकडे गेले. करंगळीच्या नखाएवढा लाल दिवा लागलेला होता. तो केव्हापासून लागला होता, देव जाणे.

एका ओळखीच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरला दोर लावून गाडी मुरबाडला ओढून नेली. आम्ही लग्नाला टेम्पोतून पोचलो. अक्षता पडून गेल्या होत्या.

गॅरेजवाल्याने खालचे चेंबर उतरवले. चेंबरच्या पॅकिंगमधून ऑईल थेंबथेंब गळत होते आणि आत दोन लिटरसुद्धा उरले नव्हते. वळणावर आणि चढावर उरलेले ऑईल एका बाजूला सरकले की पंप हवा ओढायचा. इंजिनाचा क्रँक फिरतो तो लोखंडावर नाही, ऑईलच्या एका पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर पंपाच्या दाबाने टिकतो. दाब गेला की थर गेला, मग बेअरिंगवरचा मऊ धातू पुसून निघतो आणि लोखंड लोखंडाला भिडते. आमच्या दोन बेअरिंगांचे तसेच झाले होते. क्रँक घासून घेतला, नवी बेअरिंगे, पिस्टनच्या रिंगा, मजुरी, सगळे मिळून अठ्ठावीस हजार रुपये गेले. त्यात गावाकडच्या विहिरीच्या बांधकामाला बाजूला ठेवलेले पैसे होते.

पैशाचे दुःख आटले. पण अण्णांनी किल्ली खुंटीला लावली ती लावली. “हजारो गाड्यांना मी तो दिवा बसवला आणि मलाच दिसला नाही,” एवढेच ते आईला म्हणाले. गाडी दुरुस्त होऊन आली तरी ते शेजारच्या सीटवर बसू लागले. वय एकाहत्तर, डोळे बरे होते, हात स्थिर होता. मनातून मात्र ते उतरले होते. आणि मी काही बोललो नाही. ‘बघितलं’ हा माझा शब्द घरात कुणाच्या लक्षातही नव्हता, असे मी स्वतःला सांगत राहिलो.

त्या दिवसांत मी मुरबाडजवळच्या एका मळ्यावर पंप जळाल्याची तक्रार पाहायला गेलो होतो. स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँमीटर दोन्ही होते, शेतकऱ्याला मी नेहमीप्रमाणे समजावत होतो. विहिरीचे पाणी खाली जाऊन पंप हवा ओढू लागला की अँपिअर नेहमीपेक्षा उतरतात. व्होल्टेज पडले की अँपिअर चढतात आणि मोटार तापते. काट्याची नेहमीची जागा ओळखून ठेवा, जागा बदलली की पंप बंद करा. हे बोलता बोलता माझे मलाच हसू आले. साडेसात हॉर्सच्या मोटारीला दोन काटे असावेत असा मी लोकांना आग्रह धरतो आणि घरच्या सहा माणसांचा जीव जिच्यात बसतो त्या गाडीला एक मिणमिणता दिवा.

मग मी चौकशी केली. ऑईलचा दिवा ज्यावर चालतो ते बटण इंजिनाला आट्यांनी बसवलेले असते. आत एक स्प्रिंग आणि पडदा असतो. दर चौरस इंचाला साधारण पाच ते सात पौंडांच्या खाली दाब उतरला की ते बटण दिवा लावते. चांगले इंजिन गरम होऊन रस्त्यावर धावत असताना दाब चाळीस पौंडांच्या आसपास हवा. म्हणजे चाळीसाचा तीस झाला, तिसाचा पंधरा झाला, तरी दिवा गप्प. आणि जेव्हा लागतो तेव्हा धावत्या इंजिनाला वाचवायला काही क्षणच उरतात. त्यातून जुन्या गाडीची बेअरिंगे सैल झाली की गाडी स्लोला उभी असताना तो उगाच लुकलुकतो. ड्रायव्हरला त्याची सवय होते. काही महाभाग तर लुकलुकीचा कंटाळा येऊन बटणाची वायरच काढून टाकतात.

तर ठरवले, काटे बसवायचे. एक ऑईलच्या दाबाचा, एक बॅटरीचा.

अण्णांना सांगितले तेव्हा ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “डॅशबोर्डाला भोक पाडायचं नाही.” मी म्हटले, “नाही पाडणार.” थोड्या वेळाने पेपर खाली ठेवून म्हणाले, “आणि दिवा काढायचा नाही. काट्याकडे माणसानं बघावं लागतं. दिवा आपण होऊन सांगतो.” मी मनात म्हटले, सांगितले तर नव्हते. पण तोंडातून शब्द काढला नाही.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तिथे एक रविवार घालवला. दोन काट्यांची, डॅशबोर्डाखाली लटकवायची एक पत्र्याची पट्टी मिळाली. ऑईलचा मीटर मी नळीचा घेतला. याच्यात वीज लागत नाही. इंजिनातून एक बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत येते आणि ऑईल स्वतःच काटा हलवते. मीटरच्या आत एक चपटी, वाकडी नळी असते. आमच्या म्हशाच्या जत्रेत पोरे कागदाची गुंडाळलेली पिपाणी घेतात, फुंकली की ती उलगडून सरळ होते. अगदी तसेच. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते, तिच्या टोकाला काटा जोडलेला असतो. पॅरिसच्या बूरदाँ नावाच्या कारागिराने १८४९ साली हिचे पेटंट घेतले. तुमच्या फवारणीच्या पंपावर किंवा ठिबकच्या फिल्टरवर जो दाबाचा गोल मीटर असतो तोही बहुधा याच जातीचा.

विजेवर चालणारा मीटरही मिळतो. त्यात इंजिनावर एक सेंडर बसतो आणि एक वायर पुढे येते. तो बरा, पण सेंडर आणि मीटर एकमेकांच्या जोडीचे लागतात. एका बनावटीचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर काटा खुशाल खोटे बोलतो. पेट्रोलचा किंवा डिझेलचा काटा नवीन टाकला आणि टाकी अर्धी असताना भरलेली दाखवतो, अशी तक्रार पुष्कळ ट्रॅक्टरवाल्यांकडून मी ऐकली आहे. कारण बहुधा हेच, नाहीतर अर्थिंग खराब.

बसवताना पहिली अडचण आट्यांची आली. मला दिवाही राखायचा होता, म्हणून बटणाच्या जागी टी-जॉईंट लावून एका तोंडाला जुने बटण आणि दुसऱ्याला नळी जोडायची होती. पण गाडी इटालियन वंशाची, तिचे आटे मिलिमीटरचे, आणि मीटरचे आटे इंग्रजी पाईपचे. दोन फेरे बसतात, तिसऱ्याला आवळते. आमचा मिस्त्री म्हणाला, टेफ्लॉन गुंडाळून दाबून बसवतो. मी तसे करू दिले नाही. एक पिचलेला आटा, आणि पुन्हा गोवेली. डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तल्या एका लेथवाल्याकडून पितळेचा जोड करून घेतला. दीडशे रुपये घेतले त्याने. साऱ्या कामात तो तुकडा सर्वांत मोलाचा ठरला.

दुसरी काळजी नळीची. तिच्यातून कढत ऑईल वाहते आणि ती तुमच्या पायांवरून जाते. पत्र्याच्या भोकातून येताना रबराचे वायसर नसेल तर पत्रा हळूहळू ती कापतो. इंजिन थरथरते आणि गाडीचा सांगाडा स्थिर असतो, म्हणून मध्ये नळीचे एक सैल वेटोळे ठेवायचे, नाहीतर ती वाकून वाकून मोडते. स्वस्तातली प्लॅस्टिकची नळीही मिळते. ती सायलेन्सरच्या पाईपाजवळून नेऊ नये, कारण सांगायला नको.

अण्णा हे सगळे ओट्यावरून पाहत होते. मदतीला आले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

बॅटरीसाठी अँमीटर घ्यावा की व्होल्टमीटर, यावर मिस्त्रीचे आणि माझे जमले नाही. जुन्या लोकांना अँमीटर आवडतो, कारण किती करंट आत येतो आणि किती बाहेर जातो ते तो दाखवतो. पण त्यासाठी गाडीचा सारा करंट जाड वायरीने डॅशबोर्डापर्यंत आणून परत न्यावा लागतो. ती वायर कुठे घासली तर जळितच. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. बंद गाडीत भरलेली बॅटरी बारा पूर्णांक सहाच्या आसपास दाखवते, चार्जिंग चालू असले तर पावणेचौदा ते सव्वाचौदा, थोडे इकडेतिकडे. एवढे लक्षात ठेवले की पुरे. मी व्होल्टमीटर घेतला.

आणि इथे मी शहाणपणा केला. इंजिनाच्या दुरुस्तीच्या वेळी जुना डायनॅमो काढून आम्ही अल्टरनेटर बसवला होता. आता व्होल्टमीटर आला, मग चार्जिंगच्या लाल दिव्याचे काम काय? त्याचा बल्ब उडालेलाच होता. नवा आणण्याऐवजी मी होल्डरसकट वायरी काढून टाकल्या. अण्णांना सांगितले नाही. ऑईलचा दिवा राखला तेवढ्यावर त्यांचे म्हणणे पाळल्याचे समाधान मानले.

पहिले चार-पाच दिवस ऑईलच्या काट्याकडे पाहण्यातच गेले. गाडी थंड असताना काटा पार साठापर्यंत जायचा, तापली की चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर स्थिरावायचा, सिग्नलला उभी राहिली की पंधराच्या घरात यायचा. इंजिनाची नाडी हातात आल्यासारखे वाटत होते. व्होल्टमीटर बारा-साडेबाराला होता. मला वाटले, नवा मीटर आहे, थोडा कमी दाखवत असेल. पाहा, काटा समोर असून माणूस कसा पाहत नाही! शुक्रवारी तालुक्यावरून परतताना अंधार झाला. हेडलाईट पिवळे पडत चालले. मी कसाबसा घरी पोचलो आणि दारात इंजिन बंद केले ते पुन्हा लागले नाही.

अण्णा बाहेर आले. “काटा किती दाखवत होता?”

“निघताना बारा. आता अकराच्या खाली.”

“बेल्ट तुटलाय?”

“नाही.”

त्यांनी बॅटरी घेतली, चष्मा लावला आणि एकाहत्तराव्या वर्षी ते डॅशबोर्डाखाली उताणे शिरले. आई ओरडत होती. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, “दिवा काढलास ना?”

मी गप्प.

“अरे, डायनॅमो असता तर चाललं असतं. अल्टरनेटरला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो, तेव्हा त्याच्या आतलं चुंबक जागं होतं. तो करंट या दिव्यातून जातो. बल्ब नाही तर करंट नाही. तू शेतकऱ्यांना शिकवतोस ना, की पंप चालू करण्याआधी पाणी भरा म्हणून? हे तेच.”

तेच होते. सक्शनमध्ये पाणी भरल्याशिवाय पंप कितीही फिरवला तरी पाणी उचलत नाही, तसा आमचा अल्टरनेटर कोरडा फिरत होता. जोराने रेस केली तर कधी कधी असा अल्टरनेटर अंगच्या उरलेल्या चुंबकत्वावर जागा होतो, त्यामुळे घोटाळा लवकर ध्यानात येत नाही. आजकाल लोक हौसेने तिथे एल.ई.डी.चा बारीक दिवा घालतात. त्यातून पुरेसा करंट जात नाही आणि पुष्कळदा हाच प्रकार होतो. ज्यांच्या ट्रॅक्टरला वा जीपला बल्बवर जागा होणारा अल्टरनेटर आहे त्यांनी चार्जिंगचा बल्ब उडाल्यास त्याच वॉटचा साधा बल्ब घालावा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या हाताने होल्डर बसवला. कुठली वायर कुठे, हे त्यांनी आकृती न बघता लावले. बॅटरी चार्ज करून आणली होती. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, किल्ली फिरवली. दोन्ही लाल दिवे पेटले. इंजिन सुरू झाले, दिवे विझले, एक काटा पन्नासाच्या पुढे गेला आणि दुसरा चौदावर येऊन थांबला. मला वाटले आता ते उतरतील. त्यांनी दार ओढून घेतले, गिअर टाकला आणि गाडी गल्लीबाहेर नेली. आई आणि मी फाटकाशी उभे. अर्ध्या तासाने भाजी घेऊन आले.

त्यानंतर त्यांनी एक छंद लावून घेतला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ते ऑईलचा आकडा लिहू लागले. आकडाही कसा, तर गावी जाताना म्हारळ ओलांडले की, गाडी टॉपवर, पन्नासच्या वेगाला. मी विचारले, म्हारळच का? म्हणाले, “तुमचं पर्जन्यमापक तुम्ही रोज साडेआठलाच का मोजता?” मला उत्तर ठाऊक होते. रोज वेगळ्या वेळेला मोजलेला पाऊस कशाशी ताडून पाहणार?

२०१३ च्या पावसाळ्याआधी त्या आकड्यांना उतरण लागली. पंचेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस, मग चाळीस, छत्तीस, तेहेतीस. ऑईलची पातळी बरोबर होती, तीही पट्टी काढून रोज पाहिली जायची. मिस्त्री म्हणाला, “दिवा लागत नाही ना, मग कशाला खोलता? उन्हाळ्यात ऑईल पातळ होतं.” त्यात थोडे तथ्य होते. पण अण्णांनी मागच्या वर्षीचे कालनिर्णय काढून मे महिन्याचे पान दाखवले. त्या मे महिन्यात पंचेचाळीसच होते. मिस्त्रीने कुरकुरत चेंबर उतरवले.

ऑईल पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. ती निम्म्याहून अधिक बुजलेली होती. दोन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत पॅकिंग बसवताना कुणीतरी हात सैल सोडून पेस्ट लावली होती. जास्तीची पेस्ट आत ओघळून सुकली आणि तिचे तुकडे सुटून जाळीवर जाऊन बसले. बेअरिंगे अजून शाबूत होती. जाळी साफ केली, नवे पॅकिंग, नवे ऑईल, सगळे मिळून अडीच हजार. म्हारळला काटा पुन्हा चव्वेचाळीसवर.

त्या दुपारी गॅरेजच्या बाकावर आम्ही दोघेच चहा घेत होतो. समोर पत्र्याच्या ताटलीत ती जाळी पडली होती. मला राहवले नाही. म्हटले, “अण्णा, लग्नाच्या आदल्या दिवशी मी पट्टी बघितली नव्हती.”

त्यांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, “ठाऊक होतं मला. सकाळी निघताना डिकीतलं फडकं मी हातात घेतलं होतं, काच पुसायला. कोरडं होतं. पट्टी पुसली असती तर ऑईलचा डाग पडला असता.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

“मीही मग बघितली नाही ना. उशीर होत होता.”

एवढ्यावर तो विषय मिटला. नंतर तो आमच्यात कधी निघाला नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी उद्या सकाळी एक करून पाहावे. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवावी. ऑईलचा लाल दिवा पेटलाच पाहिजे. पेटला नाही तर बल्ब उडाला आहे, वायर सुटली आहे किंवा बटण मेले आहे, आणि तुम्ही आंधळे चालवीत आहात. काही ट्रॅक्टरना ऑईलचा काटा असतो, काहींना दिवाच असतो. दिवा असेल तर टी-जॉईंट लावून काटा वाढवता येतो. नवा ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर मात्र आधी विक्रेत्याला विचारा, आपल्या हाताने काही खोलू नका. काटा आला तरी दिवा ठेवायचाच. नांगरताना मान मागे असते, काट्याकडे कोण बघतो?

अण्णा २०१८ साली गेले. त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत त्यांनी गाडी चालवली, बाजारापुरती. गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्या वेळी तपासणाऱ्या साहेबांना डॅशबोर्डाखालची ती पत्र्याची पट्टी दिसते आणि ते विचारतात, हे काय? मी सांगतो, वडिलांनी डॅशबोर्डाला भोक पाडू दिले नाही.

आता मुलगी चालवते. तिच्या स्वतःच्या नव्या गाडीत काटे नाहीत, पडदा आहे, आणि त्यावर काही झाले तर चित्र उमटते. गावी जाताना ती फियाटच मागते. म्हारळ ओलांडले की मी काही बोलत नाही. ती खाली पाहते, आकडा सांगते, आणि घरी आल्यावर तिची आजी कालनिर्णयच्या पानावर, दुधाशेजारी, तो लिहिते. या महिन्यात चारदा जाणे झाले. त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. पुढच्या रविवारी निघण्याआधी पट्टी काढून बघणार आहे.